लघुग्रह ढकलायचा, पण कोणाच्या दिशेने? अंतराळ विभागाला खुले पत्र

प्रति,
सचिव, अंतराळ विभाग, बेंगळुरू
तसेच, अंतराळाच्या शांततामय वापरासाठीच्या संयुक्त राष्ट्र समितीतील भारतीय शिष्टमंडळ, व्हिएन्ना

स. न. वि. वि.

२०२५ च्या फेब्रुवारीत काही दिवस मुंबईचे नाव एका विचित्र यादीत होते. चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता नासाच्या गणितात १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. आदळलाच तर कुठे, याची एक लांबट पट्टी नकाशावर काढली गेली. पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि शेवटी दक्षिण आशिया. बोगोटा, लागोस, मुंबई, ढाका ही शहरे तिच्यावर किंवा तिच्या काठाला. पुढच्या काही दिवसांत नवी निरीक्षणे आली, शक्यता घसरत नगण्य झाली आणि व्हॉट्सॲपवरचा प्रलय दुसऱ्या विषयाकडे वळला.

ती पट्टी मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. हे पत्र तिच्याविषयी आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवत असे. लोणारची सहल आमच्याकडे जवळजवळ अभ्यासक्रमातच मोडते. बेसाल्टमध्ये खोदले गेलेले १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर पाहिल्यावर अशनीपात म्हणजे काय हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. अलीकडे मुले निराळाच प्रश्न विचारतात. नासाने लघुग्रहाला धडक मारून त्याची वाट बदलली ना, मग कोणी मुद्दाम एखादा आपल्याकडे वळवला तर?

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो या खगोलशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तो मांडला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. येणारा लघुग्रह बाजूला सारण्याची विद्या ज्याच्या हाती आली, त्याच्या हाती बाजूने जाणारा लघुग्रह आत ओढण्याचीही विद्या आली. खरोखर आदळणारे दगड फार थोडे असतात, जवळून जाणारे पुष्कळ. म्हणजे गैरवापराला माल भरपूर. म्हणून ही विद्या घाईने विकसित करू नका, असा त्यांचा इशारा होता. त्याच वर्षी जुलैत शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले आणि जगाला नेमकी उलटी घाई झाली. हायड्रोजन बॉम्बचे जनक म्हणवले जाणारे एडवर्ड टेलर तर त्या दशकात अशनींविरुद्ध महाकाय अणुबॉम्ब बांधावेत म्हणून वकिली करत होते.

सेगन यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की त्यांची भीती एका बाजूने अवास्तव होती. ते दाखवणारी आकडेमोड शाळेच्या फळ्यावर मावते.

नासाचे डार्ट हे यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी डिमॉर्फस या लघुग्रहावर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने आदळले. यानाचे वजन ६०० किलोच्या आत. डिमॉर्फस सुमारे १५० मीटर रुंद आणि सुमारे ४३ लाख टन वजनाचा. धडकेने त्याच्या वेगात जो फरक पडला तो सेकंदाला सुमारे २.७ मिलिमीटर. दहा वर्षे एवढा फरक टिकला तर सरळ हिशेबाने आठ-साडेआठशे किलोमीटरचे अंतर पडते, आणि कक्षेत वेग बदलला की परिभ्रमणाचा काळही बदलतो, म्हणून ते तिपटीपर्यंत वाढू शकते. मोठा पल्ला आहे. एखादे शहर उद्ध्वस्त करू शकणाऱ्या दगडाबाबत दहा-वीस वर्षे आधी सुरुवात केली, तर आजच्या हत्यारांनीही काही तरी घडवता येते.

आता डायनोसॉरांच्या मुळावर आला तसा दगड घ्या. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिकशुलुब येथे आदळलेला तो सुमारे १० किलोमीटरचा होता. त्या मापाच्या लघुग्रहाचे वजन लाख कोटी टनांच्या पुढे, म्हणजे डिमॉर्फसच्या तीन लाख पट. डार्टसारखी धडक त्याला मारून शंभर वर्षे थांबलात तर तो आपल्या वाटेवरून शंभर मीटरही हलणार नाही. पृथ्वीची रुंदी १२,७४२ किलोमीटर. एक किलोमीटरचा दगड घेतला, तरी तीस वर्षांत पंचवीस-एक किलोमीटरच्या पलीकडे मजल जात नाही. त्यापेक्षा जोराचा धक्का देऊ शकणारे साधन आज एकच आहे, अणुस्फोट. त्याकडे पुढे येतो.

नेम हा आणखी वेगळा प्रश्न. पृथ्वीला चुकवायचे असेल तर कुठल्याही बाजूला पुरेसे ढकलले की झाले. पृथ्वीला लागायचे असेल तर अचूक ढकलावे लागते, आणि धडक मारताना नेमका किती धक्का बसेल हे मारणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते. डिमॉर्फस एका मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवती फिरतो; त्या फेरीचा काळ ७३ सेकंदांनी बदलला तरी मोहीम यशस्वी धरू, असे नासाने ठरवले होते. प्रत्यक्षात ११ तास ५५ मिनिटांचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. उडालेल्या ढिगाऱ्याने मागे जो रेटा दिला, तो यानाच्या स्वतःच्या धक्क्यापेक्षा जास्त भरला. खालचा दगड घट्ट आहे की मुरमाड, यावर सगळे अवलंबून. बचावासाठी ही सुखद बातमी होती. नेमबाजासाठी मात्र अशी बंदूक कुचकामी.

शिवाय शस्त्र म्हणून हा प्रकार कमालीचा मूर्खपणाचा आहे. क्षेपणास्त्र अर्ध्या तासात खंड ओलांडते. लघुग्रहाची वाट पाहायला दहा-वीस वर्षे लागतात आणि तेवढा वेळ सगळे जग दुर्बिणीतून तुमच्या शस्त्राकडे बघत बसते. अमेरिकेतल्या केंब्रिजचे मायनर प्लॅनेट सेंटर जगभरची निरीक्षणे उघड प्रसिद्ध करते. आपल्याकडे लडाखमध्ये हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, तीही पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह टिपते. कक्षा बदललेला दगड दुसऱ्या कोणालाही परत ढकलता येतो. कुठल्या हुकूमशहाला इतका धीर असेल?

एक अपवाद नोंदवलाच पाहिजे. काही लघुग्रह पृथ्वीजवळून जाताना अवकाशातल्या काही अरुंद जागांतून गेले, तर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांची वाट अशी वळते की काही वर्षांनी ते थेट परत येतात. या जागांना कळछिद्रे म्हणतात. अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे, आपल्या इन्सॅट मालिकेतल्या भूस्थिर उपग्रहांच्याही खालून. एके काळी अशी शंका होती की तो ६०० मीटर रुंदीच्या एका कळछिद्रातून गेला तर २०३६ मध्ये आदळेल. निरीक्षणांनी ती शंका फेडली आणि २०२१ मध्ये पुढच्या शंभर वर्षांसाठी तो निर्धोक ठरला. पण जिथे ६०० मीटरवर निकाल लागतो तिथे छोटा धक्काही मोठा ठरतो, एवढे त्यातून दिसले. २०२९ च्या भेटीसाठी नासाचे यान निघालेले आहे, युरोपचीही तयारी आहे. त्या गर्दीत कोणी काय करायचे आणि काय टाळायचे, याचे बंधनकारक नियम नाहीत.

तर मुलांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: सूड म्हणून, युद्ध म्हणून, जग बुडवण्यासाठी लघुग्रह पाडणे आजच्या माणसाच्या आवाक्यात नाही, आणि शहरापुरता पाडणे तत्त्वतः शक्य असले तरी ते गुपचूप करणे फार अवघड आहे. ही भीती मी बाजूला ठेवतो.

माझी भीती चांगल्या हेतूने ढकलणाऱ्याची आहे.

पुन्हा त्या पट्टीकडे या. ती रुंद का नसते, लांब का असते? पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. स्वतःच्या रुंदीइतके अंतर कापायला तिला सात मिनिटे लागतात. लघुग्रह काही मिनिटे आधी आला की आदळण्याची जागा पट्टीवर एका टोकाकडे सरकते, उशिरा आला की दुसऱ्या टोकाकडे. लघुग्रहाला धक्का देणे म्हणजे बहुतेक वेळा त्याची ही वेळ बदलणे. म्हणजे धक्का पुरेसा बसला तर तो पृथ्वीला चुकवतो. अर्धवट बसला, तर त्याच पट्टीवर दुसऱ्या कोणावर तरी पडतो. मुंबईवर येणारा दगड ढकलला आणि तो सुदानपर्यंतच सरकला, तर सुदानवर तो कोणी पाडला? निसर्गाने की ज्याने ढकलला त्याने?

ही कल्पनाविलासाची गोष्ट नाही. लघुग्रहांपासून बचावाचा विचार करणाऱ्या तज्ज्ञांची परिषद दर दोन वर्षांनी भरते आणि तिथे एका काल्पनिक लघुग्रहावर रंगीत तालीम होते. २०१९ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला झालेल्या तालमीत लघुग्रह डेन्व्हर शहरावर येत होता. धडक मारणारी याने पाठवली, मुख्य दगड चुकला, पण त्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा सुटला आणि न्यूयॉर्क नष्ट झाले. त्याआधी २०१५ च्या तालमीत उद्ध्वस्त झाले ते ढाका. कागदावरच्या या खेळात तज्ज्ञच हरले, आणि दोन्ही वेळा शेवटचा घाव माणसाच्या हालचालीनंतर बसला. तालीम म्हणून मी त्यांचे कौतुकच करतो. पण ढाक्याच्या माणसाला त्या निर्णयात किती जागा होती, हे विचारायला नको का?

आपल्या वाचकांना हे कृष्णाकाठच्या भाषेत चटकन कळेल. अलमट्टीचे दरवाजे किती आणि कधी उघडायचे यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक दर पावसाळ्यात भांडतात, कारण इथला पूर टळला की पाणी तिथे जाते. पण तिथे लवाद आहे, केंद्रीय जल आयोग आहे, निदान दूरध्वनी उचलणारा अधिकारी आहे. लघुग्रहाच्या पट्टीवरच्या देशांसाठी यातले काहीही नाही.

कायदे काय सांगतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, तरी वाचकांसाठी मांडतो. १९६७ च्या अंतराळ कराराने कक्षेत आणि खगोलीय पिंडांवर अण्वस्त्रे ठेवायला बंदी घातली. १९६३ च्या करारानुसार अंतराळात अणुस्फोट करता येत नाही. त्या करारावर भारताची सही आहे, चीनने ती कधीच केलेली नाही. १९७७ च्या पर्यावरण-बदल करारात, ज्यात भारतही आहे, पृथ्वीची किंवा अंतराळाची नैसर्गिक रचना मुद्दाम बदलून दुसऱ्या देशाचे व्यापक, दीर्घकालीन किंवा तीव्र नुकसान करायला मनाई आहे. म्हणजे वैराने लघुग्रह पाडणाऱ्याला गुन्हेगार ठरवायला कायदा सापडतो. पण ती मनाई लष्करी किंवा शत्रुत्वाच्या वापरापुरती आहे. बचाव करता करता चूक झाली तर ती त्यात बसत नाही.

भरपाईचेही तसेच. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवर चालणारा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला, किरणोत्सारी तुकडे बर्फात विखुरले. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. हे जमले, कारण १९७२ चा दायित्व करार सांगतो की तुमची अंतराळ-वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले तर चूक असो वा नसो, भरपाई द्या. मात्र अंतराळ-वस्तू म्हणजे माणसाने सोडलेले यान आणि त्याचे भाग. तुम्ही ढकललेला नैसर्गिक दगड त्यात येतो का? कायदेपंडितांत यावर एकमत नाही. लघुग्रहांपासून बचावाच्या मोहिमा आखणाऱ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार गटाच्या कायदेविषयक समितीने २०२० मध्ये यावर सविस्तर अहवाल दिला. त्यानंतर एकही नवा बंधनकारक नियम झालेला नाही.

अणुस्फोटाची फट यात सगळ्यात धोक्याची वाटते. 'वायआर४' पृथ्वीला चुकतो हे ठरल्यावर तो चंद्रावर आदळण्याची सुमारे ४ टक्के शक्यता काही काळ उरली होती. तेवढ्यावर, तो अणुस्फोटाने फोडता येईल का, याचीही गणिते २०२५ मध्ये संशोधकांनी मांडली. संशोधकांनी गणिते मांडावीत, ते त्यांचे काम. पण पृथ्वीच्या रक्षणाचे नाव घेऊन अण्वस्त्र अंतराळात तयार ठेवायला एकदा मुभा मिळाली, तर ती परत घेता येणार नाही. अशा शस्त्राला लघुग्रह आणि उपग्रह यांतला फरक कळत नाही.

या बाबतीत आपणही फार साळसूद नाही, हे लिहिणे भाग आहे. २७ मार्च २०१९ ला आपण स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला आणि जगाला सांगितले ते नंतर. आपले २०२३ चे अंतराळ धोरण खासगी कंपन्यांना लघुग्रहांवरील संपत्ती काढण्याची, आणून विकण्याची मुभा देते. १९६७ च्या करारानुसार त्या कंपन्यांच्या प्रत्येक हालचालीची जबाबदारी भारत सरकारची. पण ज्या अंतराळ उपक्रम कायद्याने ही देखरेख करायची, त्याचा मसुदा २०१७ पासून फिरतो आहे. उद्या एखाद्या कंपनीने आठ-दहा मीटरचा दगड ओढत आणायचा प्रस्ताव दिला, तर कोण तपासणार आणि कोणत्या कलमाखाली? एवढा दगड बहुधा वातावरणातच फुटेल, त्याने प्रलय येणार नाही. तरी रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ रोजी फुटलेला दगड जेमतेम २० मीटरचा होता आणि काचा उडून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली होती.

भारत या प्रश्नात दोन्हीकडे उभा आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. ढकलू शकणारे देश मोजके आहेत. मंगळापर्यंत आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ जाऊन आल्यावर आपण त्यांच्या उंबरठ्यावर आहोत. आणि पट्टीखाली सापडू शकणाऱ्या, स्वतःचे प्रक्षेपक नसलेल्या देशांशीही आपले नाते आहे. अमेरिकेने किंवा चीनने हा विषय काढला तर इतरांना डाव वाटेल. चीननेही स्वतःची धडक-मोहीम जाहीर केली आहेच. भारताने काढला तर नायजेरिया आणि बांगलादेश निदान ऐकून घेतील.

काय मागावे, याविषयी माझी सूचना. लघुग्रहाची कक्षा बदलणारी कोणतीही मोहीम, संशोधनाची, बचावाची वा खाणकामाची, आधी जाहीर झाल्याशिवाय निघू नये आणि धक्क्याआधीची व नंतरची कक्षा सर्वांना खुली असावी. डार्टच्या वेळी नासाने मुद्दाम जोडलघुग्रहातला छोटा दगड निवडला होता, म्हणजे धक्का त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवतीच्या फेरीत दिसावा आणि पृथ्वीला धोका उद्भवू नये. हा विवेक नासाच्या मर्जीवर राहू नये, नियमात यावा. पट्टीवरच्या प्रत्येक देशाला निर्णयात आवाज हवा. अर्धवट यशाची किंमत कोण सोसणार आणि दुसरे यान तयार ठेवले आहे का, ही उत्तरे पहिले यान सुटण्याआधी मिळायला हवीत. ढकललेल्या दगडाचे दायित्व स्पष्ट शब्दांत लिहिले जावे, पण असे की प्रामाणिक प्रयत्न करणारा देश भरपाईच्या धास्तीने हात बांधून बसणार नाही. हा तोल अवघड आहे. माझ्याकडे त्याचा तयार मसुदा नाही, तुमच्याकडे कायदेतज्ज्ञ आहेत. आणि अणुस्फोटाचा पर्याय कधी वापरावाच लागला, तर तो सुरक्षा परिषदेतल्या पाच जणांपुरता निर्णय असू नये.

संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे लघुग्रह-जागृतीचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवले आहे. त्या वर्षी अपोफिस डोळ्यांनी दिसेल, भाषणे होतील, टपाल तिकिटेही निघतील. त्याआधी कायदेविषयक उपसमितीत भारताने लेखी निवेदन मांडावे आणि ते व्हिएन्नात वाचण्यापूर्वी इथे प्रसिद्ध करावे, एवढी विनंती. अंतराळ उपक्रम विधेयकात लघुग्रहाची कक्षा बदलण्याविषयी एखादे कलम आहे का, हेही त्याच निवेदनात कळले तर बरे होईल. कलम नसेल तर मसुदा अजून तुमच्याच टेबलावर आहे.

आपला,
बुलढाणा जिल्ह्यातील एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक